शिकाऊ विमानं पडतात ती नक्की कशामुळे?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मी एरवी पाककृतींच्या विभागात असते, तेव्हा धागा चुकीच्या ठिकाणी पडला असेल तर संपादकांनी उचलून हलवावा.

लेक यंदा बारावी झाली. फिजिक्स-मॅथ्स आहे, मेडिकल तपासणीही झालीय, आणि पायलटच व्हायचं म्हणून हटून बसलीय. तिच्या बाबांचं म्हणणं, जाऊ दे, मोटारसायकलवर याहून जास्त जातात. मी मात्र दोन महिने बातम्या गोळा करतेय. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात सेस्ना १५२ हे दोन सीटचं शिकाऊ विमान पडलं. शिकणारी मुलगी एकटीच होती, थोडक्यात वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन विमानं. त्याच वर्षी मार्चमध्ये गोंदियाच्या बिरसीहून उडालेलं विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळलं, त्यात दोघंही गेली. आणि बातमीत बहुतेक वेळा तेच ठरलेलं वाक्य, 'तांत्रिक बिघाडाचा प्राथमिक अंदाज'.

माझा प्रश्न: ही विमानं जुनी, खटारा असतात म्हणून पडतात का? की अजून काही असतं? जाणकारांनी सांगावं. धीर देऊ नका, खरं सांगा.

तिरकस_तात्या
गुरुत्वाकर्षणामुळे पडतात. धागा बंद करावा.

ओवी
तात्या, आई काळजीत आहे तिथे. (रुमाल टाकून ठेवतेय.)

उजवी_सीट
ताई, सहा वर्षं शिकवलंय, आता एअरलाइनमध्ये आहे. खरं विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिन बंद पडणं बाहेरच्या माणसाला जेवढं भयंकर वाटतं तेवढं ते नसतं. सेस्ना १७२ इंजिनाशिवाय एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. हजार फुटांवर असाल तर पावणेतीन किलोमीटरच्या आतलं बरंसं शेत तुमचं. विमानाचं वाटोळं होईल, विमा कंपनी रडेल, पण आतली माणसं बहुधा चालत बाहेर येतात.

माणसं जातात ती वळणात. उतरायच्या आधी विमान धावपट्टीला काटकोनात येतं, त्याला बेस म्हणतात. तिथून वळून धावपट्टीच्या रेषेत यायचं, ते फायनल. उंची जेमतेम पाचशे फूट. समजा मागून वारा आहे. पोरगं रेषेच्या पलीकडे वाहवत जातं. आता वळण आवळायला हवं, पण जमिनीच्या इतक्या जवळ पंख जास्त कलवायची भीती वाटते. मग ते पायाने लबाडी करतं. आतल्या बाजूचा रडर (शेपटीवरच्या सुकाणूचं पेडल) दाबून नाक ओढून आणायला बघतं. नाक खाली जातं म्हणून हातातला योक (विमानाचं स्टिअरिंग) मागे ओढतं. वेग आधीच कमी. आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे हवा त्याला सोडून देते, आणि विमान त्या बाजूला उलटतं. पाचशे फुटांत त्यातून सावरता येत नाही, मलाही नाही आणि माझ्या गुरूलाही नाही.

यात बिघडलेलं काहीच नसतं. इंजिन ठणठणीत. 'हे जुळत नाहीये, पुन्हा फेरी मारून येतो' एवढं ठरवायला चार सेकंद उशीर झालेला असतो.

नीरा_डावा_कालवा
आमच्या डोक्यावरनं रोज उडत्यात ही. पैल्यांदा पोरं बघायची, आता कुत्रंबी मान वर करत न्हाई. कडबनवाडी आमच्यापासनं लांब न्हाई. त्या पोरीला आधी गावातल्या माणसांनीच हात दिला, साहेबलोकं मागनं आली. उजवी सीटवाले दादा, 'बरंसं शेत तुमचं' म्हणताय, पण शेत कुणाचं ते पीक उभं असलं की कळतं. विमान बघायला जी गर्दी येती ती ऊस तुडवून जाती. त्याचा पंचनामा कोण करणार?

तिरकस_तात्या
कालवाभाऊंचा मुद्दा रास्त आहे. पीकविम्यात 'अतिवृष्टी, गारपीट, सेस्ना' असा रकाना हवा.

गणिती_गोंधळ
उजवी_सीट यांच्याशी थोडी असहमती. त्यांनी वर्णन केलेला अपघात जीवघेणा आहे, पण सगळ्यात जास्त घडणारा तो नव्हे. अमेरिकेत छोट्या विमानांची आकडेवारी वर्षानुवर्षं ठेवली जाते. संख्येने सर्वांत जास्त अपघात उतरतानाचे, आणि त्यांत मरणारे फार थोडे. नाकाचं चाक मोडतं, पंखाचं टोक घासतं, विमान धावपट्टी सोडून गवतात जातं. ढगात शिरणं, जमिनीच्या फार जवळून उडणं, वळणातला स्टॉल हे संख्येने कमी, पण मृत्यू तिथे.

सत्तर टक्क्यांच्या आसपास अपघातांत कारण वैमानिकाकडे जातं. मला मात्र 'तांत्रिक बिघाड' आणि 'वैमानिकाची चूक' हे दोन्ही शिक्के सारखेच आळशी वाटतात. चौदा तासांच्या अनुभवाच्या पोराने चूक केली हे खरंच. पण त्या वाऱ्यात त्याला एकटं सोडलं कुणी? तुमच्या बातम्यांतला 'प्राथमिक अंदाज' त्याच संध्याकाळी कुणीतरी फोनवर सांगितलेला असतो. आपल्याकडे एएआयबी ही तपास संस्था २०१२ पासून आहे. तिचे अहवाल जाहीर होतात, पण ते येईपर्यंत बातमीदार चौथ्या विषयावर गेलेला असतो.

स्पॅनर_काका
विमान देखभालीत हयात गेली माझी, त्यामुळे 'खटारा' शब्द जरा लागला ताई. :)

सेस्ना १५२ चं उत्पादन १९८५ च्या सुमारास थांबलं. म्हणजे तुमची लेक ज्यात बसेल ते विमान तिच्या बाबांच्या वयाचं असू शकतं. पण वय म्हणजे आजार नाही. ठरावीक तासांनी ते उघडलं जातं, इंजिन पुरं खोलून बांधलं जातं. वर्षानुवर्षं न उघडलेली तुमच्या सोसायटीची लिफ्ट जास्त धोक्याची.

यंत्र दगा देतं ते फार क्षुल्लक जागी. मी स्वतः पाहिलेलं सांगतो.

पाणी. रात्रभर अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी धरतं. पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं. म्हणून सकाळी टाकीच्या खालून नमुना काढून नळी उजेडात धरून बघायची असते. निळं पेट्रोल वर, खाली पांढरा थेंब. घाईत पोरं नुसतं काढून जमिनीवर ओततात. एका मुलाने मला नळी दाखवली, सगळी एकाच रंगाची होती म्हणून खूश. ते सगळंच पाणी होतं. सीमारेषा दिसायला दोन द्रव लागतात ना!

दुसरी कुंभारीण माशी. भिंतीला चिखलाची घरटी करते ती. पंखाखाली पिटॉट नावाची नळी असते, तिच्यातल्या हवेच्या दाबावर वेगाचा काटा चालतो. झाकण न लावता विमान उभं ठेवलं की बाईसाहेबांना आयतं बिऱ्हाड. मग पळताना काटा शून्यावर आणि आत पोरगं गोंधळलेलं.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे सीट. सेस्नाची सीट रुळावर पुढे-मागे सरकते आणि खिट्टीने अडकते. रूळ झिजला किंवा खिट्टी नीट बसली नाही तर उड्डाण घेताना सीट सर्रकन मागे जाते. माणूस पडताना हाताला येईल ते धरतो. हाताला काय येतं? योक. नाक आभाळाकडे! अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेने १९८७ मध्ये या रुळांच्या तपासणीचा सक्तीचा आदेश काढला होता. पोरीला सांगा, बसल्यावर सीट ढुंगणाने हलवून बघायची. रोज.

ओवी
स्पॅनर काका, दंडवत. रुमाल टाकल्याचं सार्थक झालं.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडचं बी सांगतो. नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्री असते. जमिनीची उंची हजार फुटांच्या आसपास, पण हवा इतकी पातळ होते का विमानाले वाटते आपण ४८०० फुटांवर हावो. म्हणजे महाबळेश्वराहून वर! इंजिनाचा दम कमी, पंखाची पकड कमी, पळायची पट्टी मात्र तेवढीच. सकाळी सहाले जे विमान मस्त उडलं तेच दुपारी एकले उडाले तयार नसते. म्हणून आमच्याकडे शहाणे लोक नऊच्या आत उरकतात आन् दुपारी झोपतात. विमानवाले बी आन् बाकीचे बी.

तिरकस_तात्या
ठेचाभाऊ, हे शास्त्र पुण्यात विमानाशिवायच विकसित झालंय. १ ते ४.

उजवी_सीट
ठेचा यांनी चांगला मुद्दा काढला, त्याला वजन जोडा. १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान आणि भरलेली टाकी धरली तर दोन माणसांना मिळून साधारण १६० ते १७० किलो उरतात. आता मी ९२ चा. :( विद्यार्थी ८० चा असला की गणित तिथेच बिघडलं, म्हणजे पेट्रोल कमी घ्यायला हवं. ते कुणी करतं का? तक्त्यात दोघंही ७० किलोचे लिहायचे आणि निघायचं, असं मी पाहिलंय. कुठे ते विचारू नका.

तिरकस_तात्या
म्हणजे मास्तरांचं पोट हे अपघाताचं कारण. शेवटी खरं बाहेर आलं.

वाळूचं_घड्याळ
मी सध्या फ्लोरिडात शिकतोय, मूळ नाशिकचा. 'तिकडे सुरक्षित, इकडे नाही' असं कुणी म्हणण्याआधी सांगतो, इथली अडचण वेगळी. आभाळाच्या एका तुकड्यात इतकी शिकाऊ विमानं की रेडिओवर बोलायला फट मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबात दोन शिकाऊ विमानं एकमेकांवर आदळली, दोन्ही मुलं गेली, त्यातला एक भारतीय. तेव्हा आमच्या खोलीवर आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. आपण पडद्यावरच्या नकाशात डोकं घालतो आणि खिडकीबाहेर बघायचं राहतं. वरच्या पंखाचं विमान वळताना तर वळायच्या बाजूचं आभाळच झाकलं जातं.

माझा स्वतःचा किस्सा. तिसरं सोलो, म्हणजे एकट्याचं उड्डाण. उतरताना जरा जोरात टेकलो, विमान चेंडूसारखं उडालं. मी घाबरून नाक खाली दाबलं, तर दुसऱ्या वेळी नाकाचं चाक आधी टेकलं आणि अजून उंच उडालं. तिसऱ्या वेळी नाकावरचा फिरता पंखा जमिनीला लागणार हे सगळ्यांना पाठ असतं, मलाही होतं. पण तेव्हा डोक्यात काय चालू होतं? 'टॉवरमधले बघतायत.' बस. दुसऱ्या उडीनंतर मास्तरांचा आवाज कानात आला, 'पॉवर!' ते विमानात नव्हतेच. थ्रॉटल दिला, वर गेलो, फेरी मारून उतरलो. पाय अर्धा तास लटपटत होते.

निवृत्त_हवाईदल
पॉवर दिल्यावरही काही जण जातात हे तरुण मित्राने लिहायला हवं होतं. उतरताना फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण सोडलेले, ट्रिम (नाकाचा कल धरून ठेवणारी योजना) नाक वर धरायला लावलेला. अशात एकदम पूर्ण पॉवर दिली की नाक आपोआप उसळतं. ते जोर लावून दाबून धरावं लागतं. धरलं नाही तर वेग संपून स्टॉल. त्यामुळे 'शंका आली तर फेरी मारा' हे सांगणं सोपं, पण ती फेरी शिकवलेली हवी. नागरी शाळांत ती उरकली जाते असं माझं मत आहे.

आणि उड्डाण घेताच इंजिन गेलं तर मागे वळायचं नाही. समोर जे असेल त्यात उतरायचं. धावपट्टी पाठीमागे दिसते आणि मोह होतो. पाचशे फुटांवरून मागे वळताना किती जणांनी जीव गमावला, याची प्रत्येक देशात उदाहरणं आहेत. माझा एक बॅचमेट त्यांत आहे.

ढगांचं राहिलं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. नुसत्या काट्यांकडे बघून उडायचं शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचं दिसेनासं केलं. विसापैकी एकालाही विमान सांभाळता आलं नाही. सरासरी वेळ १७८ सेकंद. कानातला तोल सांगतो सरळ आहात, आणि विमान गिरकी घेत खाली चाललेलं असतं. आपल्या पावसाळ्यात ढग वाट बघत नाहीत.

सातपुड्यापलीकडे
१६ जुलै २०२१ ला चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या जंगलात शिरपूरचं विमान पडलं होतं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी. तिथे रस्ता नव्हता. एका आदिवासी बाईनं लुगड्याची झोळी करून दिली, त्यात घालून लोकांनी मुलीला खाली आणलं. कारणांची चर्चा चाललीय म्हणून सांगतो, पडल्यानंतर माणूस सापडायला किती वेळ लागतो हाही हिशोबात धरा. आमच्याकडे मोबाइलला रेंज नाही, हेलिकॉप्टर कुठून येणार.

नीरा_डावा_कालवा
हे खरं बोलला भाऊ.

गणिती_गोंधळ
तारांचा मुद्दा कुणी घेतला नाही. २०१७ ला गोंदियाचंच विमान वैनगंगेवरून खालून जाताना नदीवरच्या तारेत अडकलं, दोघं गेली. जानेवारी २०२३ ला रीव्यात रात्रीच्या धुक्यात शिकाऊ विमान मंदिराच्या शिखराला आपटलं. वरून तार दिसत नाही, खांब दिसतात. खांब दिसला की मध्ये तार आहे असं मानायचं.

वऱ्हाडी_ठेचा
आन् खालून कायले उडतेत? गावातल्या दोस्ताले दाखवाले. आमच्या ओळखीच्या एका पोराने स्वतःच्या घरावरून चक्कर मारली होती. माय गच्चीवर पापड वाळवत होती. पापड गेले, पोरगं वाचलं, पण सहा महिने जमिनीवर बसवलं त्याले.

कृष्णाकाठची
पापडांवरून माझा विभाग आठवला. :)

सगळं दोनदा वाचलं. रात्री झोप आली नाही, पण सकाळी डोकं जरा स्वच्छ वाटलं. म्हणजे विमान किती जुनं हे विचारणं फारसं कामाचं नाही. मग शाळा बघायला जाताना मी विचारू काय? तिथला गोड बोलणारा माणूस मला चहा पाजून माहितीपत्रक देणार, एवढं मला कळतं.

उजवी_सीट
काउंटरवर बसू नका ताई, हँगरकडे जा. प्रशिक्षक किती, आणि गेल्या वर्षी सोडून गेले किती, ते मुलांना विचारा. एअरलाइनची भरती निघाली की आम्ही सगळे पळतो, मीही पळालो. मग उरलेल्या एकाच्या माथी दहा मुलं. दिवसाचं सहावं उड्डाण करणारा प्रशिक्षक उजव्या सीटवर अर्धा झोपलेला असतो. मी होतो.

दुसरं, कंट्रोल. 'आय हॅव कंट्रोल', 'यू हॅव कंट्रोल' हे दोघांनी मोठ्याने म्हणायचं असतं. मी स्वतः एकदा समजत होतो तो उडवतोय, तो समजत होता मी. आठ-दहा सेकंद विमान कुणाचंच नव्हतं.

स्पॅनर_काका
मी एकच विचारीन. 'या महिन्यात किती उड्डाणं रद्द केली?' आकडा सांगणारी शाळा चांगली. 'आमच्याकडे रद्द होतच नाहीत' म्हणाले की पिशवी उचला.

वाळूचं_घड्याळ
काका, मुलं रद्द होऊ देत नाहीत हाही भाग आहे. पन्नास-साठ लाखांचं कर्ज, लायसन्सचे २०० तास पूर्ण व्हायचेत, पाऊस तीन आठवडे थांबत नाही, मागच्या बॅचचा मित्र एअरलाइनमध्ये लागलेला. अशात वारा मर्यादेच्या जरा वर असला तरी 'जाऊन येतो' असं तोंडातून निघतं. माझ्याही निघालंय.

निवृत्त_हवाईदल
आणि काही तास न उडवताच नोंदवहीत भरतात. त्याला वैमानिकांत 'पार्कर ५१ वर केलेलं उड्डाण' म्हणतात. पार्कर ५१ हे विमान नाही, पेन आहे.

तिरकस_तात्या
मी शाळेत असताना त्याच पेनाने प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही करायचो. वैमानिक झालो असतो.

(ताई, थट्टा पुरे. माझा भाचा शिकलाय हे. त्याच्या आईला मी एकच सांगितलं होतं. घरून फोन केला की 'किती तास झाले?' विचारायचं नाही. 'आज उडलास का?' असंही नाही. जेवलास का, एवढंच.)

ओवी
तात्या?? तुम्ही ठीक आहात ना?

कृष्णाकाठची
तीन आठवड्यांनी येतेय. दोन शाळा बघितल्या, नावं लिहीत नाही. पहिल्या ठिकाणी स्पॅनर काकांचा प्रश्न विचारला तर 'आमचं हवामान बारमाही उत्तम' असं उत्तर आलं, बाहेर पाऊस पडत होता. पिशवी उचलली.

दुसऱ्या ठिकाणी फळ्यावरच खडूने लिहिलं होतं: रद्द, ११. वारा ७, दृश्यमानता ३, प्रशिक्षक आजारी १. लेकीला माहितीच्या उड्डाणाला न्यायचं होतं, तर आधी तिला वजनकाट्यावर उभं केलं. मग तिचे मास्तर स्वतः उभे राहिले. बसल्यावर तिने सीट हलवून बघितली म्हणे, कशी ते काकांनी लिहिलंय. मास्तरांनी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं?

तिरकस_तात्या
ते असू द्या. मास्तर किती भरले?

कृष्णाकाठची
आकडा मला दिसला नाही. पण त्यांनी पेट्रोलवाल्याला हात करून टाकी अर्धीच भरायला सांगितली.